वाढत्या आवाराचा धनी

सोलापूरच्या कोणत्याही दैनिकाचे आतले पान उघडले की शाळांच्या बातम्या दोन जातींच्या दिसतात. एकीत नव्या इमारतीचे भूमिपूजन, संगणक कक्षाचे उद्घाटन, वाढीव तुकडीला मान्यता, माजी विद्यार्थ्यांनी बांधून दिलेले स्वच्छतागृह. दुसरीत पोलिसांच्या सायबर शाखेचे अधिकारी प्रशालेत येऊन 'मोबाइल जपून वापरा' असे सांगून गेल्याचे वृत्त, सोबत सभागृहात मांडी घालून बसलेल्या मुलामुलींचा फोटो. पहिली बातमी संस्थेच्या कर्तृत्वाची मानली जाते, दुसरी मुलांच्या वागणुकीची. म्हणून पहिल्या समारंभाला अध्यक्ष, सचिव, विश्वस्त सगळे हजर असतात आणि दुसऱ्याला पर्यवेक्षकांना पाठवले तरी भागते. माझे म्हणणे असे की या दोन्ही बातम्या एकाच घडामोडीच्या आहेत. गेल्या दहा वर्षांत शाळेचे आवार सर्वात जास्त वाढले ते फोनच्या पडद्यावर, आणि सोलापूरच्या शाळांच्या दीडशे वर्षांच्या वाटचालीत नावाने ओळखता येईल असा धनी नसलेले हे पहिलेच आवार आहे. मुलांच्या ऑनलाइन सुरक्षिततेचा प्रश्न आपण मुलांच्या शिस्तीच्या खात्यावर मांडतो. तो मुळात संस्थेच्या खात्यावरचा आहे, हे पटण्यासाठी इथल्या शाळा कशा वाढल्या ते आधी पाहावे लागते.

1854 च्या वुडच्या खलित्याने खासगी शाळांना सरकारी अनुदान देण्याची पद्धत घालून दिली. त्यापाठोपाठ 1860 मध्ये सोलापूरला आगगाडी आली आणि 1877 मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, म्हणजे गावकऱ्यांची 'जुनी गिरणी', सुरू झाली. पैसा, माणसे आणि अनुदानाची सोय अशा तिन्ही गोष्टी काही दशकांत एका गावात गोळा झाल्या. निजामाच्या मुलखातून विणकर पद्मशाली आले, गुजरात-राजस्थानकडचे व्यापारी आधीच होते, लिंगायत पेठा होत्या, मुसलमान कारागीर होते, अमेरिकन मराठी मिशनची मंडळी होती. या प्रत्येकाने आपापली शाळा काढली. ऐल्लक पन्नालाल दिगंबर जैन पाठशाळा आपली मुळे 1885 पर्यंत नेते. पद्मशालींची कुचन प्रशाला, पानगल अँग्लो उर्दू हायस्कूल, सिद्धेश्वर प्रशाला, मिशनची वोरोनोको मुलींची शाळा, पुण्याच्या सेवासदनाची इथली शाखा, आणि सगळे गाव जिला 'हदे' म्हणते ती हरीभाई देवकरण प्रशाला. सरकारचे स्वतःचे नॉर्थकोट हायस्कूल होते, तेही 1900 ते 1903 या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड नॉर्थकोटांच्या नावाचे. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू आणि गुजराती अशा भाषा कानावर पडणाऱ्या या गावात मुलगा कोणत्या प्रशालेत जातो हे कळले की त्याचे घर कोणत्या पेठेत असेल याचा अंदाज बांधता येत असे.

या नावांकडे आपण दात्यांचा गौरव म्हणून पाहतो. पण त्यांचा व्यवहारातला उपयोग वेगळाच होता. अनुदान हवे तर शाळेला चालक मंडळ लागे, मंडळाला पदाधिकारी लागत, आणि शिक्षणखात्याचा इन्स्पेक्टर तपासणीला आला की त्याच्या प्रश्नांना तेच उत्तर देत. छप्पर गळते का, पटावरची मुले खरोखर येतात का, फीचा हिशेब कुठे आहे, हे प्रश्न कुणाला विचारायचे ते ठरलेले होते. शिवाय चालक मंडळी गावातच राहत. कन्ना चौकात किंवा साखर पेठेत त्यांची दुकाने असत, आणि एखाद्या मास्तराने पोराला बेदम मारले तर पोराचा बाप इन्स्पेक्टरकडे जाण्याआधी त्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसू शके. शाळा वाढे ती अशी उत्तरदायी माणसे वाढवत वाढे. नवी खोली बांधायची तर वर्गणी लागे, आणि वर्गणी देणारा दुसऱ्या दिवसापासून त्या खोलीबद्दल जाब विचारणारा होई.

हे चित्र रंगवताना एक आक्षेप लगेच समोर येतो, आणि तो टाळण्यात अर्थ नाही. समाजाची शाळा म्हणजे त्या समाजाची शाळा. दुकानाच्या पायरीवर बसण्याचा हक्क ज्याला होता त्याच्यापुरतीच ही उत्तरदायी व्यवस्था होती. ज्याच्या जातीला पायरीच चढू देत नव्हते त्याने जाब विचारायचा कुणाला? म्हणूनच सोलापूरच्या शालेय इतिहासातली मला सर्वात महत्त्वाची वाटणारी तारीख कोणत्याही इमारतीच्या कोनशिलेवर नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जुलै 1924 मध्ये मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि तिच्या पहिल्या कामांपैकी एक म्हणून 4 जानेवारी 1925 रोजी सोलापुरात हायस्कुलात शिकणाऱ्या अस्पृश्य मुलांसाठी वसतिगृह उघडले. मुंबई-पुणे सोडून सोलापूर निवडले यामागे कारण होते. इथे हायस्कुले होती, नियमाप्रमाणे ती सर्वांना खुली होती, पण खेड्यातून आलेल्या महार-मांगाच्या मुलाला रात्री पाठ टेकायला गावात जागा नव्हती. वर्ग उघडा आणि गाव बंद, अशी ती अडचण होती. वसतिगृहाने जेवण, कपडे, वह्यापुस्तके यांचा भार उचलला आणि सोलापूर नगरपालिकेने त्याला दरमहा 40 रुपये मदत दिली.

या वसतिगृहाच्या कहाणीत दोन गोष्टी थांबून पाहण्यासारख्या आहेत. पहिली ही की शाळेच्या घंटेनंतर मुलाचे काय होते हा प्रश्न इथे शिक्षणाचाच भाग मानला गेला. पाच वाजता फाटक लावून शिक्षण संपले असे म्हणण्याची चैन या मुलांच्या बाबतीत कुणाला परवडणारी नव्हती. दुसरी गोष्ट सभेने विद्यार्थ्यांकडून चालवलेल्या 'सरस्वती विलास' या मासिकाची. शाळकरी पोरांचे मासिक म्हणजे फार मोठा खप असणार नाही हे उघड आहे. पण त्याचे संपादक ठाऊक होते, वाचक ठाऊक होते, आणि त्यात आपल्याबद्दल काय छापले जावे हे ठरवणारी ती मुलेच होती. 'विद्यार्थ्यांची बातमी' या गोष्टीचा हा नमुना मी मुद्दाम बाजूला काढून ठेवतो. पुढे लागणार आहे.

त्याच काळात त्याच गावात मुलांच्या 'भल्यासाठी' दुसरे एक आवार उभे होते, आणि सुरक्षिततेची चर्चा करताना ते विसरणे सोलापूरकराला शोभणारे नाही. गुन्हेगार जमाती कायदा 1871 चा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबई इलाख्यात स्टार्ट नावाच्या अधिकाऱ्याने त्याला वसाहतींची जोड दिली आणि सोलापूरची सेटलमेंट इलाख्यातल्या मोठ्या वसाहतींपैकी एक ठरली, कारण गिरण्यांना मजूर हवे होते. कैकाडी, पारधी, भामटा अशा जमातींची कुटुंबे काटेरी तारेच्या आत ठेवली. ठरल्या वेळी हजेरी, बाहेर जायला पास, गिरणीत काम, आणि मुलांना सक्तीची शाळा. काही काळ कारभार अमेरिकन मिशनकडे होता आणि त्या मंडळींच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. उलट गंमत अशी की बाकी गावात सक्तीचे प्राथमिक शिक्षण अजून कागदावर असताना तारेच्या आत ते प्रत्यक्षात राबत होते. चांगल्या वर्तणुकीबद्दल ज्या कुटुंबांना तारेबाहेर घर मिळे त्यांची वस्ती 'फ्री कॉलनी' झाली, आणि हे नाव आजही सोलापूरच्या रिक्षावाल्याला सांगितले की तो बिनचूक नेऊन सोडतो. 31 ऑगस्ट 1952 रोजी कायदा रद्द झाला.

सेटलमेंटमध्ये पटसंख्या चांगली होती, देखरेख अखंड होती, बाहेरच्या वाईट संगतीपासून संरक्षणही होते. कमी होते ते एकच: आत राहणाऱ्याला कुणालाही जाब विचारता येत नव्हता. हजेरी एकाच बाजूने घेतली जात होती. वसतिगृह आणि सेटलमेंट यांच्यातला फरक प्रेम आणि क्रौर्य असा सोपा नाही. दोन्हीकडे नियम होते, दोन्हीकडे वेळापत्रक होते, दोन्हीकडे मुलांच्या भवितव्याची काळजी करणारी माणसे होती. फरक होता तो आत असलेल्याने बोललेले बाहेर पोहोचण्याची वाट होती की नव्हती, एवढाच. आज मुलांना ऑनलाइन जगापासून वाचवण्याचे जे उपाय सुचवले जातात ते मी याच कसोटीवर घासून पाहतो.

स्वातंत्र्याच्या आगेमागे झालेली वाढ थोडक्यात सांगता येईल, कारण तिची तऱ्हा जुनीच राहिली. 1938 च्या अखेरीस हैदराबाद संस्थानातल्या आर्य सत्याग्रहाची सूत्रे सोलापुरातून हलली, त्या संबंधातून 1940 मध्ये डी.ए.व्ही. संस्थेचे दयानंद महाविद्यालय इथे आले. 1953 मध्ये संगमेश्वर, 1962 मध्ये वालचंद. 1983 मध्ये राज्याने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली तेव्हा वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी उभी राहिली, आणि 2004 मध्ये एका जिल्ह्यापुरते सोलापूर विद्यापीठ झाले, ज्याला आता पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव आहे. दरम्यान गिरण्या एकेक करून बंद पडल्या, यंत्रमाग आणि विडी यांच्यावर गावाचा पूर्व भाग तगला, शहर होटगी रोडने आणि जुळे सोलापूरच्या दिशेने पसरले. कुंभारीच्या माळावर विडी कामगारांची हजारो घरे झाली. तिथल्या रे नगरमधल्या 15,000 घरांच्या किल्ल्या जानेवारी 2024 मध्ये देण्यात आल्या. पेठेतली प्रशाला पेठेतच राहिली आणि मूल दहा-बारा किलोमीटर लांब गेले, असे जिथे जिथे झाले तिथे पायरीवर बसून जाब विचारणारा बापही लांब गेला. संस्था आणि घर यांच्यातला दुवा म्हणून मग फोन आला तो आपसूक.

या सगळ्या काळात शाळेची बातमी कशी बनत असे हेही पाहिले पाहिजे. वार्ताफलकावर खडूने लिहिलेला सुविचार आणि दोन ओळी, वर्षातून एकदा हस्तलिखित, ज्यात सुवाच्य अक्षराच्या मुलीला सगळे पान लिहावे लागे आणि चित्रकलेच्या सरांचे मुखपृष्ठ असे, जानेवारीत स्नेहसंमेलन, आणि जूनमध्ये दहावीचा निकाल. निकालाच्या दुसऱ्या दिवशी 'संचार'सारख्या दैनिकात छापून येणारा पासपोर्ट आकाराचा फोटो हे बहुतेक विद्यार्थ्यांच्या बाबतीत दहा वर्षांत एकदा मिळणारे, तेही मोजक्यांना मिळणारे, भाग्य होते. या फोटोची एक शिस्त होती. तो द्यायचा की नाही हे घर ठरवी, छापायचा की नाही हे संपादक ठरवी, आणि चूक झाली तर दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापायला भाग पाडता येई. वाचक जिल्ह्यातला असे. आठवड्याभरात तो कागद रद्दीत जाई. गुणवत्ता यादीने मुलांवर येणारा ताण पाहून राज्य मंडळाने पुढे ती यादी जाहीर करणेच बंद केले. म्हणजे मुलाचे नाव आणि गुण चारचौघांत मांडल्याने त्याचे नुकसान होऊ शकते, ही गोष्ट आपल्या शिक्षणव्यवस्थेने एकदा मान्य केलेली आहे.

मान्य केलेली गोष्ट विसरायला फार वेळ लागला नाही. नोव्हेंबर 2016 मध्ये शासनाने आदेश काढला की शिक्षकांनी सोमवारी वर्गातल्या मुलांसोबत गटागटाने सेल्फी काढून ते विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या 'सरल' प्रणालीवर चढवावेत. शाळाबाह्य मुले कमी व्हावीत हा हेतू होता. शिक्षकांनी विरोध केला, खेड्यात रेंज नाही, प्रत्येकाकडे तसा फोन नाही, मुलींचे फोटो कुठे जातील कोण जाणे, अशी कारणे पुढे आली आणि जानेवारी 2017 मध्ये आदेशाला स्थगिती मिळाली. ती स्थगिती सरकारी कागदापुरती राहिली. सवय मात्र लागली. फेब्रुवारी 2024 मध्ये शासनानेच मुख्यमंत्र्यांच्या संदेशपत्रासोबत विद्यार्थी-पालकांचे सेल्फी मागवले, आणि या वेळी फारशी कुरकुर झाली नाही. मधल्या सात-आठ वर्षांत प्रत्येक उपक्रमाचा फोटो हा उपक्रमाचा पुरावा झाला होता. वृक्षारोपण, योगदिन, वाचन सप्ताह, पोषण आहार, वक्तृत्व स्पर्धेत दुसरी आलेली अमुक इयत्तेची अमुक, तुकडी ब: सगळे शाळेच्या फेसबुक पानावर, गटांवर, स्टेटसवर. सायबर सुरक्षेच्या व्याख्यानाचाही फोटो तिथेच, मुलींचे चेहरे ओळखू येतील इतका स्पष्ट. 'अनोळखी माणसाला आपली माहिती देऊ नका' हे वाक्य ऐकत बसलेल्या मुलीचे नाव, शाळा, गणवेश आणि चेहरा तिच्या शाळेने त्याच संध्याकाळी जगाला दिलेला असतो.

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा हे आवार एका फटक्यात दसपट झाले. त्या वर्षीचे सोलापूरचे एक उदाहरण देशभर गेले. नीलमनगर भागात, जिथे विडी आणि यंत्रमागावर पोट असलेली घरे दाटीने आहेत, आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले. गणिताची सूत्रे, व्याकरण, इंग्रजीचे शब्द. घरोघरी फोन नाही, असला तर रिचार्ज नाही, मग गल्लीच वर्ग झाली. लोकांनी याचे कौतुक जुगाड म्हणून केले. मला त्यात जुनी रीत दिसते: आवार वाढवताना घरमालकाची परवानगी घेतली गेली, भिंत कुणाची ते ठाऊक होते, आणि काय लिहिले आहे ते जाणारा-येणारा वाचू शकत होता. त्याच महिन्यांत दुसरीकडे राज्यभर विषयशिक्षकांनी आपापल्या खासगी क्रमांकांवरून गट काढले. आठवी अ, आठवी अ गणित, आठवी अ नवीन. बापाचा फोन, आईचा फोन, काकाचा फोन, शेजारच्याचा फोन, सगळे त्यात. कोणत्याही चालक मंडळाने ठराव केला नाही, कोणत्याही अधिकाऱ्याने तपासणी केली नाही. आणीबाणीत ते क्षम्य होते. शाळा पुन्हा भरल्यावरही ते तसेच राहिले, हे क्षम्य नाही. एखाद्या मुलीचा क्रमांक अशा गटातून बाहेर जातो, कुणी तिच्या फोटोवर दुसरे धड जोडतो, आणि ती शाळेत येऊन सांगते तेव्हा तिला उत्तर मिळते की हे शाळेबाहेरचे प्रकरण आहे. खोली आमची नाही, असे म्हणण्याची सोय संस्थेला पहिल्यांदाच मिळाली आहे.

यावर मुख्याध्यापकांचा आक्षेप मला ऐकू येतो, आणि तो खोटा नाही. रात्री अकरा वाजता मूल अंथरुणात कोणत्या खेळात कुणाशी बोलते याला शाळा कशी जबाबदार? पन्नास-साठ मुलांचा वर्ग, निवडणुकीची कामे, रोज नवा ऑनलाइन अहवाल, त्यात हे कुठे बसवायचे? उत्तर असे की सगळ्याला कुणी जबाबदार धरत नाही. मुलाने स्वतः उघडलेल्या खात्याची जबाबदारी घराची, कंपनीची आणि कायद्याची. पण शाळेने काढलेला गट, शाळेने चढवलेला फोटो, शाळेने सुचवलेले ॲप, शाळेच्या शिक्षकाने शाळेच्या कामासाठी मुलाशी केलेली खासगी संभाषणे, हे सारे शाळेचे आवार आहे. 2023 चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा 18 वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानतो आणि त्याची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. म्हणजे आज ना उद्या कायदा शाळेच्या दाराशी येणारच आहे. 1925 च्या वसतिगृहाने घंटेनंतरची जबाबदारी घेतली तेव्हा त्याच्यापाशी नगरपालिकेचे महिना 40 रुपये होते आणि कोणत्याही कायद्याची सक्ती नव्हती.

दुसरा आक्षेप म्हणतो, इतका खटाटोप कशाला, फोनच बंद करा. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर 2025 पासून 16 वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांची खाती ठेवायला मनाई केली, आपणही करू. त्या कायद्याचा रोख कंपन्यांवर आहे, मुलांवर नाही, ही त्यातली चांगली बाजू आपल्याकडच्या चर्चेत हरवते. पण पूर्व भागातल्या घरात खाते बापाच्या नावाचे असते आणि फोन सगळ्या घराचा. वयाची अट त्या खात्याला लागणार कशी? आणि खरी भीती वेगळी आहे. बंदी असलेल्या जागी मूल गेले आणि तिथे त्याला कुणी नाडले, तर ते घरी सांगायला आधी घाबरेल, कारण पहिला गुन्हा त्याचाच ठरेल. मुलींच्या बाबतीत तर फोन काढून घेणे ही शिक्षणच काढून घेण्याची पहिली पायरी ठरू शकते. मदतीसाठी क्रमांक आहेत. मुलांसाठी 1098, सायबर फसवणुकीसाठी 1930. हा दुसरा आकडा सोलापूरकरांना निराळ्याच कारणाने पाठ आहे; त्या सालच्या मे महिन्यात या गावाने मार्शल लॉ पाहिला आणि पुढच्या जानेवारीत चार जण फासावर गेले. आकडा लक्षात ठेवायला इतकी सोय दुसऱ्या कोणत्याही शहराला नसेल. पण क्रमांक फिरवण्याआधी मुलाला न रागावता ऐकून घेणारे एक तरी माणूस लागते.

आणखी एक उपाय कॅमेऱ्याचा. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेतली लैंगिक अत्याचाराची घटना उघड झाल्यावर राज्याने शाळाशाळांत सीसीटीव्ही बसवण्याचा आग्रह धरला. त्या आग्रहामागचा संताप रास्त होता आणि जिन्याखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात कॅमेरा असलाच पाहिजे. माझी हरकत पुढच्या पायरीला आहे. जिन्यावरचा कॅमेरा वर्गात येतो, वर्गातले चित्रण पालकांच्या ॲपवर जाते, मग मुलांच्या फोनमध्ये लक्ष ठेवणारी प्रणाली घाला असे कुणी विक्रेता संस्थेला पटवतो, आणि हे सर्व सुरक्षितता या एका नावाखाली. सेटलमेंटमध्ये हजेरी घेणाऱ्यांनाही हेच नाव सुचले होते. पाहणारा कोण, चित्रण किती दिवस ठेवणार, ते कुणाच्या हाती, आणि पाहिल्या गेलेल्या मुलाला तक्रार कुठे करता येणार, या चार प्रश्नांची उत्तरे लेखी नसतील तर तो कॅमेरा नव्या जोखमीचा झरोका आहे.

ऑनलाइन जागेला धनी असू शकत नाही, ती मुळातच मोकाट आहे, असे म्हणणाऱ्यांना माढा तालुक्यातल्या परितेवाडीकडे बोट दाखवता येते. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानांवर क्यूआर कोड आणले, पुढे राज्याने ते आपल्या पुस्तकांत घेतले, आणि डिसेंबर 2020 मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, ज्याची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटली. पुरस्काराची चर्चा पुष्कळ झाली. क्यूआर कोडच्या त्या चौकटीची रचना मात्र दुर्लक्षित राहिली. छापील पानावरचा कोड एका ठरलेल्या जागी उघडतो. ती जागा कुणी निवडली हे ठाऊक असते, तिथे काय आहे ते आधी तपासलेले असते, आणि बिघडले तर दुरुस्त कुणी करायचे हेही. एका वस्तीशाळेला जे साधते ते शताब्दी साजरी करणाऱ्या संस्थांना न साधण्यासारखे नाही.

संस्थांकडे त्यासाठी लागणारी साधने आधीपासून आहेत. प्रत्येक प्रशालेत डेडस्टॉक रजिस्टर असते. त्यात बाक, फळा, पाण्याची टाकी, प्रयोगशाळेतली तिवई यांची नोंद होते, आणि एखादी खुर्ची मोडली तरी ती निर्लेखित करायला ठराव लागतो. मुख्याध्यापक निवृत्त होतात तेव्हा चार्ज यादी होते, किल्ल्या मोजून दिल्या-घेतल्या जातात, दोघांच्या सह्या होतात. पण शाळेच्या नावाने चालणारे गट किती, पाने किती, त्यांचे पासवर्ड कुणाकडे, त्यांवर मुलांचे किती वर्षांचे फोटो पडून आहेत, याची नोंद बहुतेक ठिकाणी कोणत्याच वहीत नाही. बदलून गेलेले शिक्षक अजून गटाचे चालक असतात. दहावी होऊन गेलेल्या मुलींचे क्रमांक नव्या पालकांच्या यादीत तसेच राहतात. खासगी शाळांना शालेय समिती असतेच, आणि तिच्या सभेचे इतिवृत्त लिहिले जातेच. तिने जूनच्या पहिल्या सभेत या जागांची यादी करावी, प्रत्येकीपुढे एका जबाबदार माणसाचे नाव लिहावे, जुने गट बंद करावेत, फोटोसाठी घराची लेखी संमती घ्यावी आणि ती नाकारण्याचा रकाना अर्जात तितक्याच ठळकपणे छापावा. आणि शाळेच्या पानावर काय जावे हे ठरवणाऱ्या मंडळात आठवी-नववीची चार मुले बसवावीत. शंभर वर्षांपूर्वी याच गावच्या वसतिगृहाशी नाते असलेले मासिक पोरांनी चालवले होते. आजच्या मुलांना निदान स्वतःचा फोटो नको म्हणण्याइतका संपादकीय अधिकार द्यायला नवी इमारत बांधावी लागत नाही.